प्रेसचा वेगळा क्रमांक

वाळूजच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात काम करत होते. आमच्या प्रेस मशीनशी जोडणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपला डिजिटल सर्टिफिकेट असायचं, म्हणजे ओळखपत्रच. पण सगळ्यांची ओळखपत्रं सारखीच होती. एका दुपारी ऑफिसातल्या कुणीतरी नुसते आकडे बघायला लॅपटॉप जोडला आणि चुकून प्रेस सुरू व्हायचा हुकूम गेला. बजाजनगरचा आमचा फिटर तेव्हा प्रेसच्या आत हात घालून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, पुसत होता. त्यानं हात ओढून घेतला म्हणून वाचला.

टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, "म्याडम, त्या लॅपटॉपला काय कळतंय, आत हात हाय का नाय ते."

बघणाऱ्याचं आणि चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं करायचंच, असं मी त्याच दिवशी ठरवलं. त्यासाठी सर्टिफिकेटात आपला खास ओळखक्रमांक घालता येतो, टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचा. तो फक्त चालवणाऱ्याच्या सर्टिफिकेटात घालायचा आणि तो असेल तरच प्रेसनं हुकूम ऐकायचा.

आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, "टाका की कुठलाही नंबर."

"तो दुसऱ्या कुणाचा निघाला तर, सर?"

हे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडं मी अर्ज केला आणि कंपनीच्या नावाचा क्रमांक येईपर्यंत थांबले.

तो आला, मी सर्टिफिकेटाच्या नमुन्यात भरला. सर्टिफिकेट निघालं, पण त्यात क्रमांकच नाही. चूक झाल्याचा संदेशही नाही. सर्टिफिकेटं काढायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आमच्या यादीतलेच क्रमांक वापरा ना, मॅडम. असलं कुणी करत नाही."

"मी करणार आहे," म्हटलं आणि फोन ठेवला.

मग सगळ्या सेटिंग एकेक करून उघडल्या. नवा क्रमांक आधी त्या यादीत नाव देऊन नोंदवावा लागत होता. नोंद नसली, की सॉफ्टवेअर तो गुपचूप गाळत होतं. नोंदवला, सर्व्हर बंद करून चालू केला, नवीन सर्टिफिकेट काढलं. क्रमांक दिसला.

मग पहिल्या प्रेसला तो क्रमांक तपासायला लावला आणि चाचणी घेतली. फिटर लांब उभा राहिला. बघणाऱ्याच्या सर्टिफिकेटनं मी हुकूम पाठवला. पडद्यावर 'परवानगी नाही' आलं, प्रेस हलली नाही.

"अजून एकदा करा," तो म्हणाला. "लई घाई नाय आपल्याला."

मी पुन्हा केलं, दुसऱ्या लॅपटॉपवरूनही केलं. त्यानं मान डोलावली.

बाकीच्या प्रेस अजून जुन्याच सर्टिफिकेटांवर होत्या. मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्याही बदलायला रविवारी सगळी लाइन बंद ठेवायची परवानगी मागितली.