सत्तावीस उलट्या होड्या

ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात, धाकू नाखवांना ओळखत नाही असा माणूस सापडणे कठीण होते. त्यांची स्वतःची होडी एकच आणि तीही लहान. परंतु साऱ्या वाड्याच्या होड्यांवर छप्पर घालण्याचा मान त्यांचा होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांवर बांबूच्या कमानी उभारतात आणि झावळ्या व ताडपत्री घालून होडी शाकारतात. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की बांबू धुऊन माळ्यावर ठेवायचे, ते पुढच्या मृगापर्यंत. धाकू नाखवांच्या छपराला एकही खिळा नसे. सारे काम सुंभाच्या गाठींचे. ते म्हणत, "खिला हट्टी असतो. गाठ शानी असते."

एकोणीसशे ऐंशीनंतर खाडीचे पाणी काळवंडू लागले. मासळी रोडावली. वाड्यातील तरुण माणसे कारखान्यांत व कचेऱ्यांत लागली. होड्या कमी झाल्या, तशी छपरेही कमी झाली. धाकू नाखवा साठीला आले तेव्हा त्यांची विद्या शिकायला कोणी येत नव्हते. त्यांची पत्नी मालू मासळीची टोपली घेऊन नौपाड्यात दारोदार फिरे आणि घर चालवी. ती थट्टेने म्हणे, "आमचे नाखवा म्हंजे जुनं पंचांग. बरोबर हाय, पन बगतंय कोन?"

एकोणीसशे त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूरकडील भूमी हादरली. दगडामातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. ते वृत्त ऐकून सारे ठाणे सुन्न झाले.

मालूचे एक नेहमीचे घर होते, शुभदाताई प्रधानांचे. शुभदाताई निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांनी आळीत मदत समिती स्थापन केली होती. त्यांच्याकडे काम करणारी कलावती ही त्या भूकंपाच्या मुलखातली. बातमी कळताच ती गावी धावली होती आणि दहा दिवसांनी परत आली होती. तिचा भाऊ आणि भावजय गेले होते. म्हातारी आई सखुबाई आणि भावाच्या दोन लहान मुली शेतात एका चादरीच्या आडोशाला राहत होत्या.

मालू टोपली घेऊन आली तेव्हा कलावती अंगणात उन्हात बसून भांडी घाशीत होती.

"काय गो, मोरी सोडून इथं कशाला बसलीस?" मालूने विचारले.

"आत जीव घुसमटतोय, मावशी. वर स्लॅब दिसला की छातीत धडधडतंय. माजी आई तर म्हनती, मरीन पन छपराखाली जानार न्हाई. दिवाळी झाली की थंडी पडल. लहान लेकरं हायेत. त्येस्नी कसं निभावावं?"

मालूने ती गोष्ट घरी येऊन सांगितली. धाकू नाखवा बांबू सोलीत बसले होते. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"त्यांना छप्पर नको, असं नाय," ते सावकाश म्हणाले. "वजन नको."

दुसऱ्या दिवशी झावळीच्या हिरांची एक टीचभर कमान बांधून ते शुभदाताईंच्या घरी गेले. तेथे समितीची बैठक चालू होती. निवृत्त ओव्हरसियर विश्रामराव पत्र्याच्या खोल्यांचा आराखडा मांडत होते. जमलेल्या वर्गणीत सहा खोल्या होत होत्या आणि कलावतीच्या वस्तीत कुटुंबे होती सत्तावीस. धाकू नाखवांनी आपली कमान टेबलावर ठेवली आणि टेबल दोन्ही हातांनी गदगदा हलवले. विश्रामरावांचा चहा बशीत सांडला. कमान डुलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

"उलटी होडी हाय, ताई. तळाला दोन बांबू, वर कमानी, त्यावर ताडपत्री. पडली तरी कोनाचा जीव नाय जात."

विश्रामरावांनी चष्मा पुसला. "नाखवा, यात मासे वाळवायचे आहेत की माणसे?"

"मासे आमी उन्हात वाळवतो, साहेब. मानसाला सावली लागते."

शुभदाताई हसल्या, विश्रामरावांना मात्र हसू आले नाही. ते कडक परंतु प्रामाणिक गृहस्थ होते. ते म्हणाले, "एक खरी बांधून दाखवा. मी स्वतः हलवून पाहीन. वसुबारसेच्या सकाळी ठाण्यातल्या खोपटहून दोन ट्रक निघणार आहेत. त्यात तुमचे बांबू चढायचे की माझे पत्रे, ते त्यावर ठरेल."

आता बांबू हवे होते, आणि ते होते वाड्याच्या माळ्यांवर. बांबू दिले की पुढच्या पावसात होड्या उघड्या पडणार, हे प्रत्येकाला कळत होते. मालूनेच प्रथम तोंड उघडले. "पावसात होडीवर काय माझा पदर धरशील, नाखवा?" असे म्हणत ती शिडीवर चढली आणि आपल्याच माळ्यावरचे बांबू खाली सोडू लागली. ते पाहून शेजारच्या घराची शिडी लागली. संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर बांबूंची रास पडली. ज्यांना नाखवांची विद्या नकोशी झाली होती तेच लोक आता विचारू लागले, "ही गाठ कशी मारायची, नाखवा?" आणि नाखवा प्रत्येकाच्या हातात सुंभ देऊन सांगू लागले, "आधी सैल सोड. मंग आवळ. बायकोशी बोलतात तसं."

वसुबारस तीन दिवसांवर असताना किनाऱ्यावर बांधलेल्या पहिल्या उलट्या होडीची परीक्षा झाली. सारा वाडा जमला. आत पाण्याने भरलेली कळशी टांगली होती. सहा जणांनी दोरखंड धरून दोन्ही बाजूंनी हिसके दिले. कमानी वाकल्या, कुरकुरल्या, कळशी हिंदकळली; परंतु एकही गाठ सुटली नाही. विश्रामरावांनी कोट काढून शुभदाताईंच्या हाती दिला आणि ते स्वतः आढ्याच्या बांबूला लोंबकळले. त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर सुटले. गर्दीतून कोणी म्हणाले, "साहेब, मासली लागली गलाला." त्या वेळी मात्र विश्रामराव मनापासून हसले. "पास," ते म्हणाले.

धाकू नाखवांची छाती अभिमानाने फुलली. त्यांनी कलावतीला पुढे बोलावले. ती कमानीखाली गेली आणि न घाबरता उभी राहिली. किती तरी दिवसांनी ती कशाच्या तरी खाली उभी राहिली होती. नंतर तिने पुढे पाहिले, मागे पाहिले.

"मामा, ह्याला दोन्हीकडनं तोंड हाय, पन कवाड एकबी न्हाई."

"मुद्दाम ठेवलंय," नाखवा कौतुकाने म्हणाले. "वारा खेलता पायजे. कोंडला का लाकूड कुजतं."

"मामा, आमी काय लाकूड हाव का?"

कलावती खालच्या आवाजात बोलू लागली. "आमच्याकडं माळावर पहाटचं वारं असं येतंय, की घागरीतलं पानी हाताला चावतंय. ताडपत्रीतनं गारवा आरपार येतोय. माजी आई अन त्या पोरी ह्यात आखडून जातील."

साठ वर्षे धाकू नाखवांनी वारा हा मित्रच मानला होता. दमट खाडीकाठी जो तो वाऱ्याला घरात बोलावतो. थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली एक चादर. आपण माणसांसाठी घर बांधले नाही, होडीसाठी बांधले, हे त्यांना उमगले. ट्रकला तीन दिवस उरले होते. विश्रामराव हलकेच म्हणाले, "मग पत्रेच पाठवावे लागतील, नाखवा. निदान सहा घरे तरी बंदिस्त होतील." उरलेल्या एकवीस कुटुंबांचे काय, हे कोणी विचारले नाही.

मालू आपल्या टोपलीपाशी बसली होती. ती उठली आणि टोपलीतला बर्फाचा खडा घेऊन आली. त्याला भाताचा भुसा चिकटला होता.

"नाखवा, हा सकाळचा बर्फ हाय. दुपारपर्यंत कसा टिकला?"

"भुशात ठेवलास म्हनून."

"मंग? भुसा थंडी आत कोंडून ठेवतो, तर तोच थंडी बाहेर नाय ठेवनार?"

धाकू नाखवांनी तिच्याकडे पाहिले, मग वाळत घातलेल्या जुन्या जाळ्यांकडे पाहिले, आणि ते ताडकन उठले. दोन जुनी जाळी एकावर एक, मध्ये भाताचा पेंढा गच्च भरायचा, जाळे विणायच्या सुईने टाके घालायचे: ती झाली भिंतीएवढी गोधडी. ती कमानींना आतून बांधायची. मागचे तोंड तिनेच बंद करायचे, पुढच्या तोंडाला तिचाच पडदा. विश्रामरावांनी विचारले, "आणि ठिणगी पडली तर?" त्याचे उत्तर कलावतीने दिले: चूल बाहेर मांडू, आणि आतून शेणामातीचा जाड गिलावा आम्ही बाया करू, ते आमचे रोजचेच काम आहे.

पेंढा आणण्याची जबाबदारी मालूने घेतली. शीळफाट्याच्या बाजूला नुकतीच भातझोडणी झाली होती. तेथील शेतकऱ्यांच्या घरी सुकी मासळी द्यायची आणि भात घ्यायचा, हा तिच्या सासूपासूनचा व्यवहार. ती सुक्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन टेम्पोत बसून गेली. एका खळ्यावर म्हातारा शेतकरी म्हणाला, "दर वर्षी तांदूल मागतंस, औंदा पेंढा? गुरं पालली का?" तिने कारण सांगितले तेव्हा त्याने बोंबील परत टोपलीत टाकले आणि स्वतः पेंढ्या टेम्पोत फेकू लागला. त्याचे पाहून पुढच्या खळ्यांवरही तसेच झाले. मालू तीन टेम्पो पेंढा आणि बहुतेक सर्व बोंबील घेऊन परत आली.

पुढचे दोन दिवस कोळीवाड्यात फराळाची कढई चढली नाही. बायका ओळीने बसून जाळी शिवत होत्या. शुभदाताईंच्या बोटांना सुईने भोके पडली, तरी त्या उठल्या नाहीत. विश्रामराव पांढऱ्या पाटलोणीत मांडी घालून पेंढा ठासत होते.

"ओव्हरसियर साहेब, भिंती भरताव का करंज्या?" एका म्हातारीने विचारले.

"तुमची करंजी फुटेल, माझी नाही," विश्रामराव मान वर न करता म्हणाले.

वसुबारसेच्या सकाळी खोपटला दोन्ही ट्रक भरले गेले. बांबूंच्या मोळ्या, सुंभाची वेटोळी, ताडपत्र्या, पेंढ्याच्या गोधड्या: सत्तावीस घरे सुटी करून रचली होती. शेवटची मोळी चढली तेव्हा विश्रामरावांनी घड्याळ पाहिले आणि धाकू नाखवांचा हात हातात घेतला. कलावतीला घेऊन नाखवा पुढच्या ट्रकमध्ये बसले. साठ वर्षांत ते घाट चढून कधी गेले नव्हते.

धनत्रयोदशीच्या दिवशी कलावतीच्या वस्तीत पहिली होडी उलटी उभी राहिली. कलावतीने आईला हाताला धरून आणले. सखुबाई चार पावलांवर थांबली. तिने वर पाहिले, मग धाकू नाखवांकडे पाहिले. त्यांनी कमान धरून जोराने हलवली आणि स्वतः तिच्या खाली जाऊन बसले. सखुबाई पुढे आली. तिने म्हाताऱ्या हातांनी एक एक गाठ चाचपली, बांबूला हिसका दिला, पुन्हा दिला. नंतर दोन्ही नातींना आत ढकलले आणि त्यांच्या मागोमाग वाकून स्वतः आत शिरली.

सूर्य कलला तसा माळावर वारा सुटला. कलावतीने सांगितलेला तो वारा धाकू नाखवांनी जन्मात प्रथम अंगावर घेतला. ते अजून बाहेर दुसऱ्या घराच्या गाठी आवळीत होते. अंगात एक पातळ सदरा, दात वाजत होते, बोटांतून सुंभ निसटत होता. तरीही त्यांचा उत्साह ओसरत नव्हता, कारण अजून सव्वीस घरे उभी करायची होती आणि वस्तीतील माणसे गाठ शिकायला त्यांच्याभोवती गोळा झाली होती.

पेंढ्याचा पडदा बाजूला सारून सखुबाईने डोके बाहेर काढले.

"दादा," ती म्हणाली, "आत या घटकाभर. आत ऊब हाय."