अब्बांची तहान

मी मस्कतला निघाले तो मे महिना होता. लग्नाला वर्ष होत आलं होतं. यासीन तिथं इलेक्ट्रिशियन होता आणि कंपनीनं आता त्याला कुटुंबासाठी खोली दिली होती. मुंबईला जाणारी जीप भिगवणच्या स्टँडसमोर, अब्बांच्या सरबताच्या दुकानापुढंच उभी होती. अम्मा रडत होती, भाऊ सलीम टपावर पेट्या बांधत होता, आणि अब्बा ड्रायव्हरपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात ग्लास देत सुटले होते. रडायला त्यांनी स्वतःला सवडच ठेवली नव्हती. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "ऊन लई असतंय म्हणं तितं. काहीतरी पीत जा."

तुमच्यापैकी जे अजून भिगवणला आहेत, त्यांना ते दुकान सांगायला नको. जे माझ्यासारखे दूर गेले, त्यांनाही आठवत असेल. गोटी सोडा, लिंबू, गुलाबाचं सरबत. बारामतीहून येणारा असो की इंदापूरला निघालेला, ओळखीचा माणूस बाकावर टेकला की अब्बा त्याच्याबरोबर आपलाही ग्लास भरायचे. "एकटा काय पितूस, मीबी घेतो." आमच्या भागात साखरेला कुणी साखर म्हणून बघतच नव्हतं. चौफेर ऊस, हंगामात वाऱ्याला मळीचा वास. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तर बाईमाणसाला मान खाली घालावी लागायची.

मस्कतला मी अब्बांचं ऐकलं. यासीन पहाटे ड्युटीवर जायचा, तो अंधार पडल्यावर यायचा. बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, बोलायला कुणी नव्हतं. नळाचं पाणी खारट लागायचं. खालच्या ग्रोसरीत थंडगार कॅन मिळायचे, संत्र्याचे, आंब्याचे. कॅन उघडताना फस्स आवाज झाला की मला दुकानात बसल्यासारखं वाटायचं. एक संपला की दुसरा. आठवण आली की तिसरा.

दिवस गेले, आणि क्लिनिकमध्ये रक्त तपासलं तेव्हा साखर निघाली. तिथली मल्याळी नर्स मोडक्या हिंदीत एकेक विचारत होती. खूप तहान लागते का? रात्री सारखं उठावं लागतं? जखम भरत नाही असं कधी झालंय? घरात कुणाला आहे का? मी सगळ्याला नाही म्हणत होते. ती विचारत होती मला, पण वर्णन अब्बांचं होतं. ग्लासामागून ग्लास रिचवूनही न भागणारी तहान. मी निघाले तेव्हा टाचेला झालेली जखम आणि तिच्यावर बांधलेलं फडकं. "चप्पल चावली," असं ते महिनोन्‌महिने सांगत होते.

कॅन त्याच दिवशी बंद केले. चहातली साखर, सरबतं, सगळं. सुरुवातीला डोकं ठणकायचं, यासीनवर उगाच चिडायचे. पण पोटात बाळ होतं, त्यामुळं मला निभावता आलं. अब्बांना कशाच्या जोरावर सोडायला लावायचं, ते कळत नव्हतं.

शुक्रवारी मी गावातल्या एसटीडी बूथवर फोन करायचे, सलीम अब्बांना बोलावून आणायचा. मी म्हणाले, "अब्बा, बारामतीला जाऊन रक्त तपासून घ्या. आणि सरबत पिणं बंद करा."

ते हसले. "अगं, मी पीत न्हाय आन् तुमी प्या, आसं गिऱ्हाइकाला कोंच्या तोंडानं म्हणू?"

सलीमनं फोन घेतला. "तू तितं बसून काळजी करतीस. हितं त्यांच्याशी भांडावं मला लागतंय. दुकानाबद्दल लोकांत काय बोलणं व्हईल, इचार केलास का?"

मी दर शुक्रवारी तेच बोलत राहिले. पुढं पुढं अब्बा फोनवर येईनासे झाले. "नमाजला गेल्यात," सलीम सांगायचा.

सना झाली, ती थोडी सावरली, आणि मी तिला घेऊन भिगवणला आले. अब्बा उंबऱ्यात उभे होते, एका पायावर भार देऊन. मी त्यांना सलाम केला आणि खाली बसून फडकं सोडलं. टाच काळी पडली होती, वास येत होता. अम्मा म्हणाली, "मला बघूबी देत न्हवतं गं." त्याच दुपारी आम्ही त्यांना बारामतीला नेलं, तिथून पुण्याला. पाय वाचला नाही. घोट्याच्या वरून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर अब्बांनी चादरीकडं बघितलं, मग सनाकडं, आणि म्हणाले, "आता पीत न्हाय. सांग सलीमला."

त्यांनी शब्द पाळला. पण सोपं झालं असं कुणाला वाटू नये. कुबडी घेऊन ते परत गल्ल्यावर बसले. ओळखीचा माणूस म्हणायचा, "भाई, तुमी घ्या की," आणि ते नुसता हात हलवायचे. काही लोक बाकावर बसायचेच कमी झाले. "भाईला सरबतानंच साखर झाली," असं बोललं गेलं, ते त्यांच्या कानावर आलं. ईदला अम्मानं शिरखुर्मा केला नाही. शेजारच्या कमलकाकूंनी होळीची पोळी नेहमीसारखी आणून दिली, ती अम्मानं घेतली आणि मागच्या दारानं दुसऱ्याला दिली. मला फोनवर म्हणाली, "आपल्या घरात आता गोड शिजत न्हाय. घर दवाखान्यागत झालंय." मीच सांगत होते ना, बंद करा म्हणून.

पुढच्या खेपेला भिगवणला आले तेव्हा सना चांगली चुरुचुरु बोलत होती. तपासणीत माझी साखरही पुन्हा वर गेली होती. सना दुकानात गेली आणि रंगीत बाटल्यांकडं बोट दाखवून आजोबांजवळ हट्ट करायला लागली. मी उठणार, तेवढ्यात अब्बा म्हणाले, "न्हाय बाळा. ते आपल्यासाठी न्हाय."

सनानं भोकाड पसरलं. बाकावरच्या गिऱ्हाइकानं मध्ये पडून म्हटलं, "द्या की भाई, लेकरू हाय." अब्बांनी ते ऐकूच आलं नाही असं दाखवलं. सनाला मांडीवर घेतलं, त्याच गिऱ्हाइकाची सोड्याची बाटली तिच्यापुढं धरली आणि तिचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली घेऊन गोटी दाबली. फट्‌दिशी आवाज झाला, फेस वर आला. सना रडता रडता खिदळली. बाटली गिऱ्हाइकाकडं गेली.

ती अम्माकडं पळाल्यावर अब्बा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सबंध तालुक्याला पाजलं गं मी. नातीला न्हाय म्हणालो." आणि फडक्यानं फळी पुसत राहिले, ओली नव्हती तरी.

माहेरी लाड होतात, असं सगळ्याच म्हणतात. मीही मस्कतच्या मैत्रिणींना तसंच सांगत आले. आता मला माहेर म्हटलं की दुकानातली ती दुपार दिसते. आम्हाला या आजारापासून वाचवण्यासाठी माझे वडील त्यांना सगळ्यात जड जाणारा 'न्हाय' हा शब्द बोलतात, आणि तो बोलताना एकदाही माझ्याकडं बघत नाहीत.