आबांचा पाळणा आणि घरभर शिंका

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच आहे, आणि तरीही घर अजून उभं आहे.

माझ्या धाकट्या लेकीचं बारसं एका दिवसावर आलं होतं. थोरलीच्या बारशाला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाळणा म्हटला होता. आबा आता नाहीत; त्यांचा आवाज तेवढा एका व्हिडिओत उरलेला. लॅपटॉप बिघडल्यावर आदिलाबादला नेऊन नवी डिस्क बसवली. जुनं सगळं गेलं, पण बॅकअप होता! (आयुष्यात मी वेळेवर केलेलं एकमेव काम.)

"बाबू, आबाचाच पाळना लावजो," आई म्हणाली.

फायली परत आणायचं बटन मी दाबलं, आणि बायको शिंकली!

तिचा दोष नाही. भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत रचलेला. हंगामात आमच्याकडे देव्हाऱ्यातले देवही शिंकत असतील.

"थांब!" आई ओरडली. "शिंक झाली. पानी पे, मंग सुरू कर."

मी थांबवलं. पडद्यावर प्रश्न आला: काम अर्धवट राहिलंय, पुढे चालू ठेवायचं की रद्द करायचं? अपशकुनी काम ठेवायचं कशाला? रद्द! पाणी प्यालो, नव्याने सुरू केलं. थोरली शिंकली. रद्द! पुन्हा पाणी. मग मीच शिंकलो! पोटात पाणी मावेना, आणि फायली जिथल्या तिथेच.

एकदाचं काम निम्म्यावर आलं, तर आईच्या मांडीवरून धाकटीची इवलीशी शिंक! मी झटकन थांबवलं.

"आता काऊन थांबवून राह्यला?" आईने विचारलं.

"शिंक!"

"अरे बाप्पा, शिंक नव्या कामाले आडवी येते. चालत्या कामाले नाई!"

तोवर माझं बोट सवयीने 'रद्द'कडे निघालेलं. बायकोने मनगटच धरलं. "अहो, 'पुढे चालू' लिवलं हाय ना तिथं? तेच दाबा. म्हंजे नवं कामच नाई झालं!"

दाबलं. जिथे थांबलं होतं तिथूनच निघालं! मग आम्ही सगळे मनसोक्त शिंकलो.

बारशाला गल्ली जमली. व्हिडिओ लागला. पडद्यावर नुसता छताचा पंखा (छायाचित्रण माझं), पण आबांचा पाळणा खणखणीत. आई रडत रडत हसत होती. पाळणा संपला आणि आबा सगळ्यांसमोर बोलले, "बाबूनं शूटिंगचं बटन दाबलं का नाई, त्याचा भरोसा नाई. पुन्यांदा म्हनतो." आणि पहिल्यापासून सुरू!

माझ्यावर बापाचाही भरोसा नव्हता, म्हणून माझ्या दोन्ही पोरींना एकेक पाळणा मिळाला.