मंगल किती मागायची

आमच्या रविवारच्या टेबलावरचे चिप्स फुकटचे. ते येत-जात राहिले. साठले ते किस्से. टेबल म्हणजे मोबाइलवरचा पोकर. चाकणच्या एकाच कंपनीतले आम्ही तिघं आपापल्या घरून खेळायचो, आणि चौथी माझी बायको, मंगल. ती गेली तेव्हा मी टेबल सोडणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीही.

खेळ तिला मी शिकवला. माझं कर्तृत्व तेवढंच!

एकदा मला फुल हाउस लागलं. हरणं जवळजवळ अशक्य. उत्साहाच्या भरात मी होते नव्हते ते सगळे चिप्स लावले. बाकीच्यांनी झटकन पानं टाकली. हाती आलं चिमूटभर.

"अहो, अख्खं दुकान मागितलंत, कोण देईल?" मंगल म्हणाली. "आपण जिंकतोय ना? मग समोरच्याच्या हातून सुटेल तेवढंच मागायचं."

याला व्हॅल्यू बेट म्हणतात, हे तिला मी नंतर सांगितलं. "असेल," म्हणाली.

*

देसाई आमचे पर्चेसचे. सगळी नोकरी व्हेंडरचे भाव पाडण्यात गेलेली. मोठी बेट, म्हणजे चिप्सची मोठी बोली, दिसली की ते पानं टाकणार! म्हणून तगडी पानं आली की मंगल त्यांच्यापुढे अगदी किरकोळ बेट लावायची. देसाईंना ते स्वस्त वाटायचं, आणि स्वस्त सोडणं त्यांच्या रक्तात नाही. दर वेळी तेवढेच चिप्स टाकून कॉल!

"वहिनी, आमच्या डिपार्टमेंटला या तुम्ही."

"छे! आले तर व्हेंडर म्हणून येईन."

*

पिंपळे गुरवचे तात्या मेन्टेनन्सला. त्यांचं नेमकं उलटं. दुसऱ्याची पानं बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही; त्यासाठी काहीही मोजतील. एकदा तगडी पानं येताच मंगलने त्यांच्यापुढे बेधडक ऑल-इन केलं, सगळे चिप्स लावले. तात्यांनी नव्वीच्या जोडीवर कॉल केला आणि साफ झाले. लगेच फोन.

"वहिनी, मला वाटलं तुमी थापा मारताय!"

"तात्या, तुम्हाला कशाला थाप मारू? तुम्ही बघितल्याशिवाय सोडता थोडंच!"

"हे मातर खरं हाय."

*

न मागणंही तिला जमायचं. एकदा शेवटच्या पानाला आम्ही दोघंच उरलो. तिच्याकडे दोन जोड्या, माझ्याकडे त्यांना हरवणारा स्ट्रेट. तिने बेट लावलीच नाही. हरली, पण फार थोडक्यात सुटली.

"का नाही लावलीस?"

"लावली असती तर हलकी पानं असणारा पळाला असता. देणारा फक्त मला हरवणाराच उरला असता." मग माझ्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "शिवाय तुमचा चहाचा कप केव्हाचा हवेत थांबलाय."

खेळ ऑनलाइन असला तरी नवरा समोरच्या खुर्चीत!

*

"तुम्ही अजून खेळता कसे?" देसाईंनी परवा बसमध्ये विचारलं. त्यांना मी काहीतरी सांगून टाळलं.

तिच्या शेवटच्या दिवसांतली, हॉस्पिटलमधली दुपार होती. आता ती काय काय मागेल ते मला दिसत होतं. रडू नका. मुलीकडे राहायला जा. पहिल्यासारखे हसा-बोला. सगळ्याला नाही म्हणायचं, हे मी ठरवूनच बसलो होतो.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"रविवारी एक डाव खेळत जा," म्हणाली. "एकच."

"एकच ना?" मी म्हटलं. "बरं."

ती उशीला टेकली आणि डावातले सगळे चिप्स तिच्याकडे आले की हसायची, तशी हसली.