जागा न बघता उत्तर नाही

सोलापूरच्या आसपास असा एकही प्लॉट नाही, ज्यावर माझ्या बायकोच्या मामांनी उभे राहून घाम पुसलेला नाही. तीस वर्षे ते जागांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ आहेत. शुक्रवार पेठेतल्या घराचा ओटा हेच त्यांचे ऑफिस, आणि न पाहिलेल्या जागेबद्दल अवाक्षर काढायचे नाही हा त्यांचा एकमेव नियम. गिऱ्हाइकालाही ते जागा शक्यतो मे महिन्यात, भर दुपारी बाराला दाखवतात. "आत्ता आवडली तर बारा महिने आवडंल," असे त्यांचे म्हणणे. कुंभारीच्या एका प्लॉटवर एक बँकवाले साहेब चक्कर येऊन खालीच बसले. मामांनी शेजारच्या घरातून ताक आणून पाजले आणि म्हणाले, "बघा साहेब, शेजार चांगला हाय." व्यवहार तिथेच ठरला.

अशा माणसाला साठीत कळले, की एजंटाला आता प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि प्रमाणपत्राशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. म्हणजे धंदा बंद. मामा कपाळाला हात लावतील असे आम्हाला वाटले. ते मात्र नवी वही आणि दोन पेने घेऊन वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले! घरी आले की टेप घेऊन मामींना स्वयंपाकघराचे चटईक्षेत्र मोजून दाखवत.

"अहो, सरका. भाकरी करपतीय!"

"करपू दे. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या न्हाय. ध्यानात ठेव."

शिकवणाऱ्या बाई मामांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी एकदा फळ्यावर उदाहरण लिहिले: समजा, कुंभारीत अमुक गट नंबरमध्ये बागेसह पाच मजली इमारत होत आहे. मामांनी गट नंबर उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून थेट उन्हातून वर्गात आले, ते तापूनच.

"बाई, तितं इमारत न्हाय, बाग न्हाय. नुसत्या बोरी हायत. फसवणूक हाय ही, तक्रार करा!"

"काका, ते 'समजा' होतं."

"समजा कसं? लोकं आयुष्याची कमाई घालतेत की!"

याच बाण्याने पहिल्या परीक्षेत घात केला. जिथे जिथे 'समजा एका प्रकल्पात' असे आले, ते सगळे प्रश्न मामांनी कोरे सोडले. नापास. मामा पुन्हा वर्गाला येऊन बसू लागले. नोंदणीची मुदत संपत आलेली, आणि तिच्याआधी एकच परीक्षा उरलेली. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "काका, प्रश्नातली जागा डोळे मिटून बघायची. दिसली की मग उत्तर द्यायचं." दुसऱ्या खेपेला मामा प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून बसले. पर्यवेक्षकाने दोनदा त्यांचा खांदा हलवला.

"झोपलो न्हाय हो. साइटवर हाय!"

मामा पास झाले! मामींनी अख्ख्या बोळात पेढे वाटले. मामांनी बाईंना फोन लावला, स्पीकर सुरू करून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाई, झालो की पास!"

"अभिनंदन काका! सुटलात एकदाचे."

"व्हय, सुटलो." मामा हसले. मग त्यांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून हळूच विचारले, "म्हंजे आता सोमवारपास्नं वर्गाला यायचं न्हाय व्हय?"