लोहारीणमावशीची हातोडी

लोहारीणमावशी हातातली हातोडी कधी खाली ठेवत नसे. पाणी प्यायची तेही डाव्या हाताने, आणि भांडायची ती हातोडी नाचवत. झरीच्या वेशीजवळ तिची भट्टी होती. नवरा गेल्यावर घण तिनेच उचलला. पुढे उजवा खांदा उतरला, रोज दुखायचा, पण बाई थांबेल तर शपथ!

झरी-परभणी रस्त्यावर माझा टांगा चालायचा. रस्ता कसला, नुसती आदळआपट. टांग्याखालच्या धक्के झेलणाऱ्या लोखंडी कमानी मोडून मोडून माझा जीव मेटाकुटीला यायचा. मावशी कमान तापवून घडवायची, लाल असतानाच बुडवून पाणी द्यायची, आणि पार थंड झाल्यावर गोल तोंडाच्या हातोडीने तिच्या सगळ्या अंगावर बारीक ठोके मारत बसायची. मी कावायचो, "मावशी, झाली की! बसवू दे आता."

"गप रं. लोखंड बी दमतंय मानसावानी. वरची कातडी घट्ट केली की लवकर चीर जात न्हाई. जल्दी हाय तर जा दुसरीकडं."

दुसरीकडच्या कमानी टिकत नसत, म्हणून मुकाट बसायचो.

निजामी संपायच्या आधीच्या धामधुमीत लुटालुटीच्या भीतीने गाव रिकामं होऊ लागलं. मावशीची लेक गया बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. तिला परभणीला नातलगांकडे पोचवायचं ठरलं आणि नेमकी तेव्हाच कमान मोडली. लोक दारांना कुलपं घालत होते आणि ही आपली थंड कमान ठोकत बसलेली! माझं डोकंच फिरलं.

"मावशी, ही काय ठोकायची येळ हाय? लोक पळायलेत!"

"वाटंत मोडली तर पोरगी उतरंल कुठं?" तिने मान वर केली नाही. घाम पुसायलाही हात थांबवला नाही.

गया, शेजारच्या दोन म्हाताऱ्या, गाठोडी. टांगा गच्च भरला. "तूबी चढ," मी म्हणालो.

"लय वजन व्हतंय. मला मागनं ने," म्हणाली, आणि कमानीवरून एकदा हात फिरवून बाजूला झाली.

खड्ड्याखड्ड्याला गया कण्हायची आणि मी देवाचा धावा करायचो. कमान टिकली. पुढे टांगा मोडीत निघाला तरी ती मोडली नाही. आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी परभणीत गयाला मुलगा झाला.

दुसऱ्या दिवशी मावशीला आणायला गेलो. भट्टीजवळ भिंतीला टेकून बसली होती.

"मावशी, नातू झाला गं!" मी लांबूनच ओरडलो.

जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तर अंग थंड पडलेलं. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. थकली होती हो माझी मावशी, दुसरं काय.

हातोडी शेजारी जमिनीवर ठेवलेली होती.