आईची आन

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या घरात भूत, भानामती असला शब्द काढला की बाबा खवळायचे, अन् मी त्यांच्याहून जास्त. आज मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी हे घडलंय... माझ्यासोबतच.

आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. तामसीकडच्या आमच्या गावाहून रोज बसनं जाणं-येणं. दर शनिवारी कॉलेज आम्हाला वृद्धाश्रमात पाठवायचं — म्हाताऱ्या माणसांशी बोला, केस विंचरा अन् त्यांना कशालाही 'नाही' म्हणू नका. हा शेवटचा नियम आमच्या सरांचा!

माझ्या वाट्याला सुभद्राबाई आली. डोळे गेलेले, जीभ मात्र धारदार. "काऊन आली? मेली का पाहाले?" हे स्वागत. पाणी दिलं की थुंकायची, चिमटे काढायची. तिची मुलगी मंगली तिला तिथं सोडून गेली ती परत आलीच नाही, असं तिथल्या ताई म्हणाल्या. कीव यायला हवी होती. मला चीड यायची.

एका शनिवारी तिनं माझी वेणीच धरली. "तू मंगलीच हायेस ना? खाय आईची आन!"

सुटका व्हावी म्हणून म्हटलं, "हो, मंगलीच. आईची आन."

त्या संध्याकाळी घरी आले. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. "कोन पायजे व?" म्हणाली. मला वाटलं, मस्करी करते. आत शिरले तर खराटा घेऊन अंगावर आली — "माह्या पोरीच्या खाटेवर बसू नको!"

बाबांना ओळखायची, दादाला, शेजाऱ्यांच्या बकरीलासुद्धा. फक्त मला नाही. डॉक्टर म्हणाले, टेन्शन. तीन आठवडे बाबा मला मागच्या दारानं ताट द्यायचे. मी रडायचे, अन् आईवर भडकायचेही.

खोटी आन आईला लागते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आन घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटलं की सुटते. मी हे मानत नव्हते. तरी सुभद्राबाईकडं गेले.

"आजी, मी मंगली नाही. सुटली म्हणा."

"मले मालूम हाय. आंधळी हावो, येडी नाही. पन आन खाल्ली कोनं? तूच ना?"

मी पाय धरले. तिनं झिडकारलं. मग भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाली, "सुटली. निघ आता."

बसमधून उतरले तर फाट्यावर आई. आधी एक थोबाडीत, मग घट्ट मिठी. "इतके दिवस कुठं मेली होतीस व?"

"आई, मी इथंच होते."

"खोटं नको बोलू. तुह्यासारखीच दिसनारी एक पोट्टी घरात घुसून राह्यली होती. हाकलून हाकलून थकली मी. रोज या बसच्या टायमाले येऊन तुही वाट पाहिली."

ती खरंच रोज फाट्यावर यायची. मी त्याच बसमधून, तिच्या समोर उतरायचे. ती मला बाजूला सारून बसच्या दाराकडं बघत राहायची... अजून कोणी उतरतंय का म्हणून.